ढिलाई किती असावी?



व्याख्यानमालेत संतांवर आणि इतिहासावर पुष्कळ बोलले जाते. आम्ही आज जुन्या जीपच्या मागच्या चाकावर बोलणार आहोत. कोणी हसले तरी हरकत नाही.

आपल्या विठ्ठलवाडीच्या शेजारचे उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधहून आलेल्या निर्वासितांनी तेथे संसार मांडले आणि १९४९ साली त्या वस्तीस आजचे नाव मिळाले. त्या युद्धाची गाडी जीप. विलिज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कारखान्यांनी मिळून तशा सहा लाखांवर गाड्या केल्या. त्यांतल्या उरलेल्या आज हौशी लोकांच्या दारी आहेत. त्यांस रंग नवा मिळतो. चाकाचा हब मात्र सहसा कोणी उघडीत नाही.

या लष्करी जीपचा मागचा भार आत फिरणाऱ्या दांड्यावर नसतो, बाहेरच्या नळीवर असतो. नळीच्या टोकाशी दोन निमुळत्या रोलरांची बेअरिंगे, आणि त्यांवर हब. दांडा ओढून काढला तरी चाक जागीच राहते. असल्या बेअरिंगाचे पेटंट हेन्री टिमकेन या घोडागाड्या बनविणाऱ्या गृहस्थाने १८९८ साली घेतले. रोलर निमुळते असल्यामुळे नट आवळला की फट कमी होते, सोडला की वाढते. कारागिराची परीक्षा येथेच.

आधी पुढच्या चाकांना ठोकळे लावावेत. जीपचा हातब्रेक चाकांवर नसून मधल्या लांब दांड्यावर असतो. मागचा एक दांडा काढला की तो गाडी धरीत नाही. ब्रेक ड्रमला घासत असेल तर हाताची फसगत होते, तेही पाहावे. मग चाक फिरवीत फिरवीत नट आवळावा. न फिरविता आवळला तर रोलर आपल्या जागी बसत नाहीत. चाक अडू लागले की नट सुमारे एक षष्ठांश फेरा मागे घ्यावा. नट सहा बाजूंचा, म्हणजे एक बाजू. चाक मोकळे फिरावे, पण वर-खाली धरून हलविल्यास डुगडुगू नये. वरचा नट बसविल्यावर पुन्हा तपासावे, कारण त्याच्या दाबाने हिशेब बदलतो.

घट्ट ते भक्कम, ही समजूत येथे घातक आहे. फार आवळले तर ग्रीस जळते, रोलर निळे पडतात, चाक जाम होते. फार सैल सोडले तर सील जाते, ग्रीस ब्रेकवर येते, आणि पाय दाबला तरी ते चाक थांबत नाही.

एका कारखान्यात कामाच्या कार्डावर चाकामागे मिनिटे बांधून दिलेली होती. नट आवळण्याची मिनिटे त्यांत होती, गाडी चालवून पाहण्याची नव्हती. “हबला हात लावणे हे काय काम झाले?” असे आम्हांस विचारण्यात आले. तिसऱ्या बैठकीस आमच्या एका वयस्क फिटरने दोन हब जोडून ठेवले, एक नीट बसविलेला, दुसरा जादा आवळलेला. पाहून काहीच कळेना. साहेबांनी दोन्ही हाताने फिरविले, तेव्हा कळले. पुढे कार्डावर ‘चालवून तपासणी’ हा रकाना आला आणि त्याचा वेळ मजुरीत धरला गेला. भत्त्याची मागणी त्या वर्षी फेटाळली गेली, ती गोष्ट निराळी.

आपल्यापैकी कोणाकडे अशी जीप असेल, तर काम झाल्यावर आठ-दहा किलोमीटर चालवावी, ब्रेक फार न दाबता थांबावी आणि दोन्ही हबांना जपून हात लावावा. दोन्ही सारखेच कोमट असतील तर पुढे जावे. एक कोमट आणि दुसरा चटका देणारा असेल, तर गाडी तेथेच ठेवून मिस्त्रीस बोलवावे.