जुन्या ट्रॅक्टरची लोडर बकेट



उल्हास व पाताळगंगेच्या खोऱ्यांतील आपल्या कर्जत-खालापूर भागात पावसाळ्यापूर्वी नाल्यांतील गाळ काढावाच लागतो. लोडर बसविलेला जुना ट्रॅक्टर या कामी आजही उपयोगी पडतो. मात्र बकेट उचलेनाशी झाली की सारे जण पंपालाच दोष देतात. ही घाई बरी नव्हे.

प्रथम तेल पाहावे. पावसात उघड्यावर उभ्या यंत्राच्या तेलात पाणी शिरले की ते ताकासारखे पांढुरके होते. असे तेल गाळणीसह बदलावे. तेलावर फेस येत असल्यास पंपाच्या शोषणनळीत हवा शिरते, असे समजावे. थंड असताना उचलणारी बकेट तेल तापल्यावर दमते, तेव्हा पंप झिजल्याचा संशय घ्यावा. उचललेली बकेट आपोआप खाली बसू लागली, तर सिलिंडरचे सील किंवा नियंत्रक व्हॉल्व्ह गळतो. ही परीक्षा दूर उभे राहूनच करावी.

नळी सोडण्यापूर्वी बकेट जमिनीवर टेकवावी, इंजिन बंद करावे व दांडे हलवून दाब उतरवावा. बारीक छिद्र हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून शोधावे. दाबाखालील तेल कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसली तरी त्या माणसाला तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.