जुळवाजुळवीची विमाने
(शतकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा संक्षेप)



शंभर वर्षे पुस्तके जपणाऱ्या या वास्तूत विमानांविषयी बोलायचे, हे काहींना विसंगत वाटेल. परंतु फाटलेले पुस्तक टाकून न देता ते पुन्हा बांधून वाचकाच्या हाती देणे, हा ग्रंथालयाचा नित्यधर्म आहे. आपल्या हवाई दलाच्या बाल्यावस्थेत हाच धर्म काही माणसांनी विमानांच्या बाबतीत आचरला. त्यांची हकीकत आज सांगणार आहे.

८ ऑक्टोबर १९३२ रोजी हवाई दलाची स्थापना झाली. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिग रोड येथे पहिली तुकडी उभी राहिली, ती अवघ्या चार वापिती विमानांवर. ही विमानेदेखील काटकसरीचे अपत्य होती. पहिल्या महायुद्धातील जुन्या विमानांचे शिल्लक सुटे भाग वापरता यावेत, अशाच बेताने इंग्लंडात त्यांची रचना झाली होती. पुढे १९४२ मध्ये ब्रह्मदेशात मजुमदार यांच्या नेतृत्वाखालील वैमानिकांनी लायसँडर विमानांवर बाँब लादले. ही विमाने मूळची लष्कराला टेहळणीत साहाय्य करण्यासाठी बनविलेली. पण बाँबफेकी विमाने हाती नव्हती, म्हणून यांनाच बाँबफेकी व्हावे लागले.

स्वातंत्र्यानंतर लगेचच काश्मीरचा प्रसंग ओढवला. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी डाकोटा विमानांनी श्रीनगरला सैन्य उतरविले. डाकोटा म्हणजे माणसे आणि माल वाहणारे विमान. परंतु पूंछच्या वेढ्यात याच विमानांच्या दारातून जवानांनी हातांनी बाँब खाली लोटले. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना बरोबर घेऊन लेहच्या वाळवंटी पट्टीवर डाकोटा उतरविले. विमानात हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती आणि वाटेत हिमालयाच्या रांगा होत्या.

सर्वांत विलक्षण कथा लिबरेटर विमानांची. ही चार इंजिनांची अवजड बाँबफेकी विमाने दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ब्रिटिशांना उसनवारीच्या कराराने दिली होती. युद्ध संपल्यावर ती परत तरी करायची किंवा निकामी तरी करायची, अशी अट होती. कानपूरच्या तळावर ती मोडतोड करून सोडून देण्यात आली. आपल्या दलाजवळ अवजड बाँबफेकी विमान एकही नव्हते. तेव्हा बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यातील कारागिरांनी त्या ढिगाऱ्यातून एकेक विमान जेमतेम उडेल इतके सावरले. कारखान्याचे वैमानिक जमशेद मुन्शी ती सुमारे दीड हजार किलोमीटरची वाट कापून बंगळूरला नेत. तेथे त्यांची संपूर्ण दुरुस्ती होई. अशी चाळीसएक विमाने पुन्हा उभी राहिली. नोव्हेंबर १९४८ मध्ये त्यांवर पाच क्रमांकाची तुकडी सज्ज झाली. पुढे पुण्याच्या तुकडीने त्यांतून सागरी टेहळणी केली आणि १९६८ च्या अखेरीस ती निवृत्त झाली. त्यांपैकी एक विमान भारताने इंग्लंडमधील रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयाला भेट दिले. ज्यांनी ती भंगारात काढली, त्यांच्याच घरी त्यांतले एक मानाने जाऊन बसले!

येथे आपण जुगाडाची आरती ओवाळून थांबतो. मला मात्र थांबावेसे वाटत नाही. दारातून हातांनी बाँब लोटणाऱ्या जवानाला ती वेळ यावी, यात भूषण कसले? शौर्य त्याचे, उणीव आपली. जुळवाजुळव ही वेळ निभावून नेण्यासाठी असते. त्या निभावलेल्या वेळात विद्या कमवावी लागते.

ती कमावणारेही त्याच कारखान्यात होते. १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने तो कारखाना उभारला. कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लजच्या परिसरातून आलेले आणि जर्मनीत ग्योटिंगेन येथे प्रांट्ल यांच्या हाताखाली संशोधन केलेले डॉ. विष्णू माधव घाटगे तेथे अभिकल्पक होते. त्यांच्या देखरेखीखाली आकाराला आलेले एच.टी.-२ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम आकाशात झेपावले आणि त्याचे सारथ्य मुन्शी यांनीच केले. दुसऱ्याचे मोडके सावरणारा हात तीन वर्षांत स्वतःचे नवे विमान हाकत होता. या कथेचे खरे सार मला येथे दिसते.

एक खंत मात्र उरते. मेहर सिंग, मुन्शी, घाटगे ही नावे आपण घेतो. परंतु कानपूरच्या उन्हात त्या इंजिनांवर वाकलेल्या फिटरांची, सुतारांची, रंगाऱ्यांची नावे आपल्या कोणत्या पुस्तकात आहेत? आपल्यापैकी कोणाच्या घरात अशा माणसाची रोजनिशी, पत्रे वा छायाचित्रे असतील. ती रद्दीत जाऊ देऊ नका; या ग्रंथालयात आणून द्या. तुटलेले विमान जोडता आले, कारण त्याचे भाग शिल्लक होते. स्मृतीचे भागच जर हरवले, तर पुढच्या शतकातला कारागीर काय जोडणार?