गोखल्यांनी मागितलेले शिक्षणखाते



१९ मार्च १९१२ रोजी कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात मतमोजणी झाली. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या प्राथमिक शिक्षण विधेयकाच्या बाजूने १३ मते पडली, विरोधात ३८. ते प्रवर समितीकडे विचारासाठी पाठवावे, एवढीच त्या दिवशीची मागणी होती. तीही फेटाळली गेली. सरकारच्या वतीने विधेयकाला विरोध करायला उभे राहिले सर हारकोर्ट बटलर. हिंदुस्थान सरकारच्या शिक्षणखात्याचे ते पहिले सभासद. हे खाते स्थापन होऊन तेव्हा दीड वर्षही झाले नव्हते, आणि शिक्षणाची वेगळी व्यवस्था सरकारात असावी ही मागणी कायदेमंडळात मांडणाऱ्यांत खुद्द गोखलेच पुढे होते. म्हणजे गोखल्यांची एक मागणी पुरी करून निघालेल्या खात्याने त्यांची दुसरी मागणी नाकारली. देशपातळीवर शिक्षणखाते कशासाठी असावे, या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला या घटनेपासूनच सुरुवात करावीशी वाटते.

थोडे मागे जाऊ. १८५४ साली वुडचा खलिता आला आणि त्यातून इलाख्याइलाख्यात शिक्षणखाती निघाली. आपल्याकडे डायरेक्टर, इन्स्पेक्टर, डेप्युटी ही उतरंड तेव्हाची. पण कलकत्त्याच्या मध्यवर्ती सरकारात शिक्षणाला स्वतंत्र घर नव्हते. पोलीस आणि तुरुंग सांभाळणाऱ्या गृहखात्याच्याच टेबलावर त्याच्या फायली पडत. व्हाइसरॉय कर्झनने १९०२ मध्ये शिक्षणासाठी डायरेक्टर जनरल नेमला, पण तो गृहखात्याच्या छायेतच राहिला. याच कर्झनच्या सरकारने १९०४ च्या ठरावात कबूल केले की पाचांपैकी चार खेड्यांत शाळा नाही, चारांपैकी तीन मुलगे शिक्षणावाचून वाढतात आणि चाळीस मुलींत एखादीच शाळेत जाते. सरकारी कागदावरची ही कबुली आहे, म्हणून तिला वजन आहे.

या कबुलीच्या बावीस वर्षे आधी, १८८२ मध्ये, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले होते. सरकारी तिजोरी भरते ती शेतकऱ्याच्या घामाने, आणि त्यातून शिकतात ते वरच्या वर्गातले लोक, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. शिक्षणाच्या प्रश्नाला त्यांनी थेट पैशाच्या प्रश्नाशी बांधले. पैसा कोणाचा आणि खर्च कोणावर, हे विचारल्याशिवाय शिक्षणखात्याविषयी काही बोलता येत नाही, हे मी त्यांच्याकडूनच घेतले आहे.

आता मार्च १९१०. गोखल्यांनी कायदेमंडळात ठराव मांडला: प्राथमिक शिक्षण देशभर मोफत आणि सक्तीचे करण्याच्या दिशेने पावले टाकावीत, आणि त्याची योजना आखण्यासाठी सरकारी व बिनसरकारी सभासदांचे मंडळ नेमावे. त्यांच्या भाषणात नुसती तळमळ नव्हती, पुरा हिशेब होता. जिथे ३३ टक्के मुलगे आधीच शाळेत जातात, तिथेच सक्ती सुरू करावी. वय सहा ते दहा. सक्ती आधी मुलग्यांसाठी. खर्चाचे दोन वाटे सरकारने उचलावे, एक वाटा नगरपालिकांनी आणि लोकल बोर्डांनी. या साऱ्यावर देखरेखीसाठी शिक्षणाचा वेगळा सचिव असावा. आणि प्राथमिक शिक्षणाची किती प्रगती झाली, याचे निवेदन दरवर्षी अर्थसंकल्पासोबत प्रसिद्ध व्हावे. या शेवटच्या मागणीकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. मला मात्र ती साऱ्या योजनेचा कणा वाटते. शाळेचा हिशेब पैशाच्या हिशेबाशेजारी ठेवला की दोन्ही एकदम वाचले जातात आणि कोण कुठे हात आखडतो ते उघड दिसते.

गोखल्यांच्या डोळ्यांसमोर दाखलाही होता. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला होता आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला होता. एका संस्थानिकाला जे जमले ते इंग्रज सरकारला का जमू नये, या प्रश्नाला सरकारपाशी सरळ उत्तर नव्हते. विचार करू, असे आश्वासन मिळाले आणि गोखल्यांनी ठराव मागे घेतला. नोव्हेंबरमध्ये स्वतंत्र शिक्षणखाते निघाले. एकट्या गोखल्यांमुळे ते निघाले, असे मी म्हणणार नाही. सरकारचीही स्वतःची कारणे होती. त्या खात्याकडे शिक्षणाच्या जोडीला स्वच्छता आणि स्थानिक स्वराज्य हेही विषय आले.

खाते आले, सक्ती आली नाही. म्हणून १९११ च्या मार्चमध्ये गोखल्यांनी विधेयक आणले. आज ते वाचताना त्यातला संयम मनाला लागतो. इंग्लंडच्या १८७० च्या आणि आयर्लंडच्या १८९२ च्या कायद्यांच्या धर्तीवर ते बेतले होते. सक्ती करायची की नाही, हे नगरपालिकेने किंवा लोकल बोर्डाने ठरवायचे. त्यालाही सरकारची आगाऊ मंजुरी हवी. महिना दहा रुपयांपेक्षा कमी मिळकत असलेल्या पालकाकडून फी घ्यायची नाही. स्थानिक संस्थेला शिक्षणाचा उपकर बसवता येईल. इतके मर्यादित, इतके जपून लिहिलेले विधेयक! तरी वर्षभर ते प्रांतांच्या अभिप्रायासाठी फिरले आणि परतले ते विरोध घेऊन. लोकांची मागणीच नाही, आपखुशीने शाळा वाढवायला अजून वाव आहे, पैसा नाही, ही सरकारची कारणे. जमीनदारांना शेतावरच्या मजुरीची काळजी होती. मदनमोहन मालवीय आणि बॅ. जिना हे दोघेही विधेयकाच्या बाजूने बोलले, हेही आजच्या पिढीने लक्षात ठेवावे. आपले विधेयक पडणार हे गोखल्यांना भाषणाला उभे राहतानाच ठाऊक होते. आपल्या पिढीला देशाची सेवा अपयशातूनच करावी लागणार आहे, अशा आशयाचे ते बोलले आणि शांतपणे हरले. तीन वर्षांत, १९१५ च्या फेब्रुवारीत, ते गेले.

पैसा नाही, हे कारण किती खरे होते? डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहांनी लोकशिक्षणासाठी ५० लाख रुपये जाहीर केलेच होते. म्हणजे देणगी द्यायला तिजोरी उघडत होती. दरसालची बांधिलकी पत्करायला ती उघडेना. देणगी देणाऱ्याच्या मर्जीवर असते. बांधिलकी मान्य केली की एखाद्या खेड्याला शाळा मागण्याचा हक्क मिळतो. १९१३ च्या शैक्षणिक धोरणाच्या ठरावातही सक्ती नाकारून विस्ताराचे आश्वासन तेवढे दिले गेले. सक्तीचा कायदा पुढे आला तो दिल्लीबाहेरून: १९१७ मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांनी तो केला, आणि १९१८ मध्ये मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांनी नगरपालिकांपुरता करून घेतला.

यानंतरचा प्रवास भराभर सांगतो. १९१९ च्या सुधारणांनी शिक्षण प्रांतिक मंत्र्यांकडे गेले. केंद्राने १९२० मध्ये नेमलेले शिक्षण सल्लागार मंडळ काटकसरीपायी १९२३ मध्ये बंद झाले. ते पुन्हा उभे राहायला १९३५ उजाडले. शिक्षणखातेही १९२३ मध्ये आरोग्य आणि जमिनींच्या खात्यात विलीन झाले आणि १९४५ मध्ये वेगळे झाले. टंचाई आली की पहिली कात्री कुठे लागते, ते यावरून कळावे. १९४७ मध्ये मौलाना आझाद पहिले शिक्षणमंत्री झाले. घटनेने दहा वर्षांत, म्हणजे १९६० पर्यंत, चौदा वर्षांखालील सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करण्यास राज्याला सांगितले. पण शिक्षण होते राज्यसूचीत. ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये ते समवर्ती सूचीत आणले. १९८५ मध्ये मंत्रालयाचे नाव मनुष्यबळ विकास झाले, २०२० मध्ये पुन्हा शिक्षण.

या प्रवासातल्या एका माणसाजवळ मात्र थांबायलाच हवे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक. सय्यद नुरुल्ला यांच्यासह हिंदुस्थानातील शिक्षणाचा इतिहास त्यांनी लिहिला, गारगोटीला मौनी विद्यापीठाच्या उभारणीत हात लावला, आणि पुढे दिल्लीच्या शिक्षण मंत्रालयात सल्लागार म्हणून काम केले. कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत, हे त्या आयोगाने १९६६ मध्ये सांगितले. खेड्यातल्या शाळेचे दुखणे जवळून पाहिलेला माणूस दिल्लीच्या टेबलावर बसला की राष्ट्रीय खात्याचा खरा उपयोग कसा होतो, हे मला नाईकांच्या कामात दिसते.

शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. गोखल्यांच्या ठरावाला शंभर वर्षे उलटून गेल्यावर. गोखल्यांच्या विधेयकात मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला शिक्षा होती. २००९ च्या कायद्यात शाळा देण्याची आणि मूल शिकते की नाही हे पाहण्याची सक्ती सरकारवर आहे. ही शंभर वर्षांची कमाई मी फार मोठी मानतो. पण त्याच कायद्यातल्या सातव्या कलमाने खर्चाची जबाबदारी केंद्र आणि राज्य दोघांवर मिळून टाकली आहे. समग्र शिक्षा योजनेत आपल्यासारख्या राज्यांसाठी केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० असे प्रमाण आहे. पण ते योजनेपुरते. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींच्या पगाराचा मोठा भार राज्याच्याच खांद्यावर असतो. म्हणून गुरुजींची जागा रिकामी राहिली की गावकऱ्याने जाब कोणाला विचारायचा हे त्याला कळत नाही. मुंबई दिल्लीकडे बोट दाखवते, दिल्ली मुंबईकडे.

राष्ट्रीय शिक्षणखाते हवेच, असे माझे मत आहे. बिहारमधले मूल आणि केरळमधले मूल एकाच प्रजासत्ताकाचे नागरिक आहेत, आणि गरीब राज्याला श्रीमंत राज्याइतकी शाळा स्वबळावर उभी करता येत नाही. हे अंतर भरून काढण्याची ताकद केंद्राच्याच तिजोरीत आहे. वर्गात काय शिकवायचे, कोणत्या भाषेत, कोणत्या पुस्तकातून, यात दिल्लीने जितका कमी हात घालावा तितका बरा. पैसा आणि त्याचा हिशेब या दोन बाबतींत मात्र तिने पूर्ण पुढे यावे.

म्हणून १९१० ची ती मागणी मी आज पुन्हा मांडतो. दरवर्षी अर्थसंकल्पाच्या दिवशी, त्याच टेबलावर, शिक्षणमंत्र्यांनी जिल्हावार निवेदन ठेवावे: किती शाळा एकशिक्षकी आहेत, गुरुजींच्या किती जागा किती महिने रिकाम्या आहेत, मंजूर रुपयांतले किती शाळेच्या खात्यात पोहोचले आणि कोणत्या महिन्यात. ते मराठीत यावे, आणि गावच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या हाती त्याच आठवड्यात पडावे.