बोट आपल्या मापाची

(वागळे इस्टेटमधील महिला मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून)



एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत कयाक हा शब्दही माझ्या कानावर आला नव्हता. गेल्या थंडीत आपण मालवणकडे शिबिराला गेलो, तेव्हा ही दोन पात्यांच्या वल्ह्यानं चालवायची अरुंद होडी मी प्रथम जवळून पाहिली. तिथे काय झालं ते तुमच्यातल्या बऱ्याच जणींना ठाऊक आहे.

आपली एक ताई, उंची चार फूट दहा. भाड्यानं मिळालेल्या बोटीत तिचे पाय पुढच्या टेकणीपर्यंत पोचेनात. पाय टेकले नाहीत की कंबर घसरते आणि सगळा भार खांद्यांवर येतो. बोट धिप्पाड माणसासाठी केलेली, ताई हलकी. त्यामुळे बोट पाण्यावर उंच राहिली आणि वारा तिला लोटत घेऊन गेला. लाइफ जॅकेट कानांपर्यंत वर चढलं. दुसऱ्या बोटीनं तिला ओढून आणलं. किनाऱ्यावर ती म्हणाली, "माझ्यातच दम नाही, बाई."

हे वाक्य मी इथल्या कारखान्यांत, उंच टेबलांपाशी उभं राहणाऱ्या बायकांकडून फार वेळा ऐकलं आहे.

कयाक मूळची ग्रीनलंड-अलास्काकडच्या इन्युइट लोकांची. तिथे बोट वल्हवणाऱ्याच्या अंगावरून मापायची रीत होती. लांबी पसरलेल्या हातांच्या तिप्पट, बसायच्या जागी रुंदी नितंब अधिक दोन मुठी. बोट पुरुष वापरत. पण सांगाड्यावरचं सीलचं कातडं पाणी आत येणार नाही अशा टाक्यांनी बायका शिवत. शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींनी हे जरूर लक्षात ठेवावं!

आता बचतीतून एक कयाक घ्यायचं आपलं चाललंय. मी एका दुकानात गेले, तर पहिला प्रश्न, "मिस्टर नाही आले?" असो. समुद्रावरची खरी कयाक साधारण चौदा ते अठरा फुटी, आत बसायची. ती उलटली तर पाण्याखालून बाहेर कसं पडायचं, हे आधी शिकावं लागतं. आपल्याला वर बसायची बरी. उलटली तर पुन्हा चढता येतं. पायटेकणी पुढेमागे सरकणारी हवी. वल्ह्याचा दांडा आपल्या मुठीत मावेल इतका बारीक. जॅकेट घालून मैत्रिणीला खांद्यांपाशी वर ओढायला सांगा. हनुवटीच्या वर गेलं तर ते तुमचं नाही. आणि दुकानातच, जमिनीवर, बोटीत पंधरा-वीस मिनिटं बसा. पायाला मुंग्या आल्या तर उठा.

खरी अडचण वेगळीच आहे. दहा बाय दहाच्या खोलीत दहा-बारा फुटी बोट ठेवणार कुठे? शिवाय वीस-पंचवीस किलोचं धूड जिन्यावरून उतरवणार कोण? म्हणून माझं मत हवा भरायच्या कयाककडे झुकतंय. पिशवीत मावते. वाऱ्यात ती जास्त भरकटते, हे मात्र कबूल. ऑड्री सदरलंड ही हवाईची, एकटीनं चार मुलं वाढवलेली बाई, १९८० साली साठीच्या उंबरठ्यावर अशाच लहानशा बोटीतून अलास्काच्या किनाऱ्यानं एकटी शेकडो मैल गेली. आपण एवढ्यात तिकडे जात नाही. आधी शिकवणाऱ्या बाईंबरोबर, परवानगी घेऊन, तलावात. ठाण्याच्या खाडीत ओहोटीला चिखल उघडा पडतो, त्यात पाय रुततो; तिथली घाई नको. पावसाळ्यात तर नाहीच.

रविवारी दुकानात जाऊ. साडी नको, सलवार-कमीज घाला; बसून बघायचं आहे. मोजपट्टी आणा. आणि ताई, पहिल्यांदा तुम्ही बसायचं.