हरित ठेव घ्यावी का?

मंडळी, गणपतीच्या मांडवात व्याजाच्या गोष्टी काढतोय, म्हणून आधी बाप्पाची आणि मग तुमची माफी मागतो. पण आपल्या घराघरांत मुदत ठेवी आहेत, आणि काही बँका आता ‘हरित ठेव’ देऊ लागल्या आहेत. ती घ्यावी का, असे बरेचजण विचारतात.

आमचे म्हणणे असे, की हिरव्या पैशामागे पक्का नियम उभा आहे का, ते आधी पाहावे. हैदराबादचेच उदाहरण घ्या. वितरण कंपन्यांनी ठरावीक टक्के वीज ऊन-वाऱ्यासारख्या स्रोतांतून घ्यावी, हे ठरवून देण्याचे काम २००३ च्या वीज कायद्याने राज्यांच्या नियामक आयोगांवर सोपवले. गिऱ्हाईक असे कायद्यानेच बांधून दिले आणि वीस-पंचवीस वर्षांचा खरेदी करार हातात आला, की सावकार आपणहून येतो. ग्रीनको ही आपल्या गावची कंपनी. तिने २०१७ साली परदेशात हरित रोखे विकून १०० कोटी डॉलर उभे केले. नुसत्या वाऱ्यावर एवढे कर्ज कोणी देत नाही, करारावर देतात.

आता दुसरी बाजू. २०१९ मध्ये शेजारच्या आंध्र सरकारने दर महाग आहेत म्हणून असे जुने करार पुन्हा घासाघिशीला काढले. सूर्य तोच, वारा तोच. पण २१ हजार कोटींहून अधिक कर्ज धोक्यात आल्याचा इशारा क्रिसिलने दिला. करारातलेच दर द्या, असा उच्च न्यायालयाचा निकाल आला तो मार्च २०२२ मध्ये. सरकारचे सगळेच चूक होते असे नाही, महाग विजेचा बोजा शेवटी आपल्याच बिलावर येतो. पण त्या अडीच वर्षांत नव्या प्रकल्पाला पैसा द्यायला कोण धजावणार?

मग ठेवीचे काय? रिझर्व्ह बँकेचे नियम १ जून २०२३ पासून लागू आहेत. हरित ठेवीचा पैसा कोळसा-तेलाला देता येत नाही, २५ मेगावॉटहून मोठ्या जलविद्युत प्रकल्पालाही नाही. तो कुठे गेला, याची दरवर्षी त्रयस्थाकडून तपासणी करून अहवाल वेबसाईटवर टाकावा लागतो. मात्र अशी ठेव काढण्याची बँकांवर सक्ती नाही, आणि व्याज जास्त मिळेल असेही नाही.

आमच्यापैकी दोघे एका शाखेत चौकशीला गेलो. पानाचे चित्र असलेले छान पत्रक मिळाले. अहवालाचे विचारले, तर ‘वेबसाईटवर असेल’ म्हणाले. असेल नव्हे, असायलाच हवा! तेव्हा व्याजाच्या आकड्याआधी तो मागा. नाहीच मिळाला, तर साधी ठेव आहेच. पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा तिलाही तितकाच लागू आहे.