सौर वीज आणि अर्थिंगची मोजणी

(जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



देवळाचा जीर्णोद्धार म्हटला म्हणजे पूर्वी पाया, शिखर आणि कलश यांचाच विचार होत असे. आता त्यात विजेची भर पडली आहे. २०२४ साली केंद्र सरकारने घरांसाठी ‘पीएम सूर्य घर’ योजना सुरू केली आणि सौर पॅनेल हा शब्द घरोघरी पोहोचला. देवस्थानेही सभामंडपावर, भक्तनिवासावर पॅनेल बसवू लागली आहेत. पॅनेल किती किलोवॅटची, हे जो तो विचारतो. अर्थिंगचा रोध किती ओहम, हे क्वचितच कोणी विचारतो. यात्रेच्या गर्दीत लोखंडी कठड्याला हात लावणाऱ्या लेकराचा जीव मात्र याच आकड्यावर अवलंबून असतो.

हिशेब साधा आहे. २३० व्होल्टची तार सुटून लोखंडी सांगाड्याला लागली आणि अर्थिंगचा रोध ५ ओहम असला, तर बाकीचे रोध सोडून दिल्यास ४६ अँपिअर प्रवाह जमिनीत जातो व १५ अँपिअरचा फ्यूज उडतो. रोध १०० ओहम असला तर प्रवाह अवघा २.३ अँपिअर. फ्यूज जागच्या जागी राहतो आणि सांगाड्यात वीज खेळत राहते.

सौर पॅनेलांची गोष्ट याहून अवघड आहे. ती ओळीने जोडली की दाब काही शे व्होल्टांपर्यंत चढतो. मेन स्विच बंद केला तरी ऊन आहे तोवर पॅनेलपासून स्विचपर्यंतच्या तारा जिवंतच असतात. शिवाय तारा एकमेकींना चिकटल्या तरी पॅनेलचा प्रवाह नेहमीपेक्षा थोडाच वाढतो, म्हणून फ्यूजवर विसंबता येत नाही. यासाठी प्रत्येक पॅनेलची चौकट आणि सांगाडा अर्थला पक्का जोडलेला हवा. पॅनेलची बाजू, इन्व्हर्टरपुढील बाजू आणि वीजरोधक यांसाठी वेगवेगळे खड्डे घेण्याची पद्धत आहे. सौर कामांच्या अटींत रोध ५ ओहमपेक्षा कमी असावा, असे बहुधा लिहिलेले असते.

हा रोध साध्या मल्टिमीटरने मोजता येत नाही. त्यासाठी अर्थ टेस्टर लागतो. प्रथम पॅनेलचा पुरवठा बंद करून खड्ड्यावरची जोडपट्टी सोडवावी. ती तशीच राहिली तर बाकीचे खड्डेही मोजणीत येतात आणि आकडा खोटा, कमी दिसतो. मग खड्ड्यापासून सरळ रेषेत ३० मीटरवर एक खुंटी ठोकावी व त्या अंतराच्या सुमारे ६२ टक्क्यांवर, म्हणजे १८.५ मीटरवर, दुसरी. यंत्र दूरच्या खुंटीतून प्रवाह सोडते, मधल्या खुंटीवर दाब पाहते आणि दाबाला प्रवाहाने भागून रोध दाखवते. मधली खुंटी तीन मीटर अलीकडे व तीन मीटर पलीकडे हलवून पुन्हा वाचन घ्यावे. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तर मोजणी खरी समजावी. फार फरक पडला तर दूरची खुंटी आणखी लांब न्यावी. काम संपताच जोडपट्टी परत घट्ट बसवावी. आभाळात गडगडाट असताना हे काम मुळीच करू नये.

मोजणी कधी करावी, हेही महत्त्वाचे. श्रावणात ओल्या जमिनीत आकडा चांगलाच येणार. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते व पाइपापासून सुटते. मुरूम आणि कातळ तर मुळातच कोरडे. म्हणून खरी परीक्षा वैशाखातली. मोजणीच्या आदल्या रात्री खड्ड्यात चार घागरी ओतून मिळवलेला आकडा कागदावर शोभतो, संकटात उपयोगी पडत नाही.

रोध जास्त आला तर पाइपाच्या लांबीच्या निदान दुप्पट अंतरावर दुसरा पाइप पुरून दोन्ही जोडावेत. कोळसा-मिठाने रोध उतरतो. परंतु मीठ पावसाने वाहून जाते आणि लोखंडही खाते. त्यामुळे एकदा पुरले म्हणजे काम झाले, असे होत नाही.

देवस्थानात दानाची पावती असते, दागिन्यांची नोंद असते. तशीच एक वही अर्थिंगची असावी : खड्डा कोणता, तारीख, जमीन ओली की कोरडी, तिन्ही वाचने, मोजणाऱ्याची सही. दर उन्हाळ्यात एक ओळ. ठेकेदाराचे शेवटचे बिल देण्यापूर्वी वहीतली पहिली ओळ विश्वस्तांसमोर भरून घ्यावी. कलश सर्वांना दिसतो. जमिनीखालचा पाइप कोणाला दिसत नाही, त्याची साक्ष ही वहीच देईल.

॥ शुभं भवतु ॥