दार उघडले, आता उंबरठा ओलांडू या
(नेवासा येथे तरुण-तरुणींसमोर केलेले भाषण)



नेवाशात शिक्षणावर बोलायचे तर पैस खांबाची आठवण होणारच. १२९० साली ज्ञानेश्वरांनी त्या खांबाला टेकून गीतेचा अर्थ मराठीत सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला, असे परंपरा सांगते. संस्कृतात अडकलेले ज्ञान लोकांच्या भाषेत आले. पुढे याच जिल्ह्यातल्या श्रीगोंद्यात शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. ज्ञान खुले करण्याचा हा वारसा आपलाही आहे.

आज मोबाइलवर आयआयटीचे प्राध्यापक शिकवतात. २००३ साली 'एनपीटेल' प्रकल्प सुरू झाला, २०१७ साली केंद्र सरकारचे 'स्वयम्' आले. शिकायला फी नाही. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेची फी भरून केंद्रावर पेपर द्यायचा. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांकही 'स्वयम्'मधून मिळवता येतात. मात्र आपले कॉलेज ते धरते का, हे आधी विचारून घ्या.

पण फुकट म्हणजे सोपे नव्हे. काही अभ्यासक्रमांचे मराठी अनुवाद झाले असले तरी बहुतेक व्याख्याने इंग्रजीत आहेत. घरात एकच स्मार्टफोन असेल तर तो आधी भावाच्या हातात जातो. बहिणीच्या वाट्याला येतो तेव्हा रात्र झालेली असते आणि डेटा संपलेला असतो. नाव नोंदवणाऱ्यांपैकी फार थोडे शेवटपर्यंत पोचतात, हा तर जगभरचा अनुभव आहे. हुशारी कमी पडते म्हणून नव्हे, तर अडले की विचारायला कोणी नसते म्हणून.

मला सगळ्यात जास्त भीती वेगळीच वाटते. "ऑनलाइन शिकतेस ना, मग कॉलेजला कशाला जायचे?" हे वाक्य मुलींना ऐकवले जाईल. मोफत अभ्यासक्रम ही कॉलेजला जोड आहे, मुलीला घरी बसवण्याची सबब नाही. वर्ग, मैत्रिणी, ग्रंथालय, प्रयोगशाळा, एसटीचा प्रवास यांतूनही माणूस घडतो. ज्यांचे शिक्षण खरोखरच सुटले आहे, त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने नुसता प्रवेश खुला केला नाही, मराठीत पुस्तके दिली आणि ठिकठिकाणी अभ्यासकेंद्रे उभी केली. त्यातून शिकण्यासारखे आहे: शिकणाऱ्याला सोबत लागते.

ती सोबत आपण करू या. पाच जणांनी मिळून एकच अभ्यासक्रम निवडा, चार किंवा आठ आठवड्यांचा. दर रविवारी एका खोलीत बसा. ज्याला इंग्रजी कळते त्याने मराठीत समजावून सांगावे, दुसऱ्याने ते वहीत उतरवावे. ती वही पुढच्या पाच जणांच्या कामाला येईल. आणि घरच्या फोनवर बहिणीची वेळ ठरवून द्या. तेवढ्या वेळात त्याला कोणी हात लावायचा नाही.

पहिल्या रविवारी कोण कोण येणार, ते आजच ठरवून जाऊ या.